मागच्या भाडेकरूचा धूर

जून लागला की छत्रपती संभाजीनगरात खोल्या शोधणाऱ्यांची रीघ लागते. बीड-परभणीकडून शिकायला आलेली पोरं टीव्ही सेंटरकडे, वाळूजच्या कारखान्यांत लागलेली बजाजनगरात. डिपॉझिट किती, नळाला पाणी किती दिवसांआड, एवढं विचारून होतं. आधीचा भाडेकरू विडी-सिगारेट ओढायचा का, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर घरमालक हसतो : ‘अहो, तो गेला, धूर गेला. रंगही मारलाय.’

धूर डोळ्यांआड होतो, खोलीतून जात नाही. त्यातलं निकोटीन भिंतीत, पडद्यात, गादीच्या कापसात मुरतं आणि सावकाश परत हवेत सुटतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी 2011 मध्ये ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती दोन महिने रिकामी राहिली, साफ झाली, तरी निकोटीन तिथेच होतं. नव्या बिऱ्हाडाच्या बोटांवरही ते सापडलं.

खरी गोम पुढे आहे. भिंतीवरच्या निकोटीनला हवेतलं नायट्रस आम्ल भेटलं की नायट्रोसामाइनं तयार होतात, हे बर्कलेच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलं. यांतली काही कर्करोग घडवणारी म्हणून ओळखली जातात. आणि हे आम्ल येतं कुठून? गॅसच्या ज्योतीतून, गाड्यांच्या धुरातून. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी, गादी आणि बाळाची झोळी हाताच्या अंतरावर! विडी कधीच विझलेली असते, पण तिच्या राखणीला ठेवल्यासारखं विष मागे नव्याने बनत राहतं.

‘महाराष्ट्रात ओढणारे आहेतच किती?’ असा एक आक्षेप येतो. 2016-17 च्या पाहणीत ते जेमतेम चार टक्के निघाले, हे खरं; आपण चघळणारे लोक. पण भाडेकरू दरसाल बदलतो, भिंत तीच राहते. ‘या शिळ्या धुराने किती मेले, दाखवा,’ असंही म्हणतात. तसा आकडा नाही, आणि पुरावा बराचसा पेशींवरचा नि उंदरांवरचा आहे, हे मान्य. म्हणून रांगतं, फरशीवरचा हात तोंडात घालणारं लेकरू आकडा हाती येईपर्यंत तिथेच ठेवायचं काय?

सार्वजनिक जागी ओढायला 2003 च्या कायद्याने मनाई केली, पण तो घराच्या उंबऱ्याशी थांबतो. तेव्हा घरमालकांनो, भाडेकरारात ‘खोलीत ओढायचं नाही’ एवढी एक ओळ घाला. भाडेकरूंनो, पाण्याचं विचारता तसं हेही विचारा. आणि आधीच्याची गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका.