सायरन वाजला, तर येणार कोण?

आमच्या मामूंनी वांगणीला घर बांधलं आहे. वांगणी म्हटलं की बहुतेकांना बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. ही ती नव्हे, ही पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातली. मामूंचा धंदा भिवंडीत, त्यामुळे वांगणीच्या घराला वर्षातले बरेच महिने कुलूप असतं. परवा त्यांनी विचारलं, "बेटा, कंपनीवाल्यांची अलार्म सेवा घेऊ, की ऑनलाइन मागवून आपणच बसवू?" गावी बंद घर असलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहितो.

दोन्हींतलं यंत्र जवळजवळ सारखंच असतं. दाराच्या चौकटीला एक चुंबकी सेन्सर, खोलीत हालचाल टिपणारा दुसरा, एखादा कॅमेरा, एक सायरन आणि या सगळ्यांना जोडणारी पेटी. फरक पुढे पडतो. कंपनीच्या सेवेत इशारा त्यांच्या कंट्रोल रूमला जातो. तिथला माणूस तुम्हाला फोन करतो, ठरलेला परवलीचा शब्द विचारतो आणि गरज वाटली तर पोलिसांना कळवतो. त्यासाठी दरमहा किंवा दरवर्षी पैसे मोजावे लागतात. स्वतः बसवलेल्या यंत्रात खर्च एकदाच. पेटीत सिमकार्ड घालायचं, चार-पाच नंबर भरून ठेवायचे. दार उघडलं की सायरन वाजतो आणि त्या नंबरांवर फोन जातात.

शहरातल्या सोसायटीत कंपनीची सेवा शोभते. वांगणीत ती कशी चालेल, याचा हिशोब मांडून पाहू. रात्री दोन वाजता कडी तुटली. वीज असेल आणि मोबाइलची रेंज असेल तर इशारा मुंबईच्या कंट्रोल रूमला पोचेल. तिथून फोन भिवंडीला मामूंना येईल. मामू किंवा कंपनी ११२ ला फोन करेल, मग पोलिसांची गाडी डोंगरातल्या रस्त्याने निघेल. पावसाळ्यात जव्हार-मोखाड्यात वीज कशी जाते आणि रस्ते कसे होतात, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. वांगणीला स्वतःचा माणूस पाठवणारी कंपनी तर माझ्या पाहण्यात नाही. एवढं सगळं होईपर्यंत घरापाशी पोचू शकणारा माणूस एकच, शेजारच्या पाड्यावरचा.

म्हणून माझं मत स्वतः बसवण्याच्या बाजूने आहे. सायरन मोठा घ्यावा, पेटीला बॅटरी असावी, इंटरनेटवर भिस्त न ठेवता साध्या सिमवर चालणारं यंत्र निवडावं. पण एवढ्यावर थांबलो तर सल्ला अर्धाच राहील, आणि तो अर्धा सल्ला धोक्याचा आहे.

कंपनी आपल्याला नेमकं काय विकते, हे आपण नीट पाहत नाही. आपल्याला वाटतं, ती पहारा विकते. खरं तर ती खात्री करून घेण्याचं काम विकते. सायरन आणि धावाधाव यांच्या मध्ये एक शांत डोक्याचा माणूस बसलेला असतो, जो आधी विचारतो, "नक्की काय झालंय?" या एका प्रश्नाची किंमत मोठी आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटलं आहे की घरफोडीच्या अलार्मवरून पोलिसांना येणाऱ्या इशाऱ्यांपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असतात. कुठे पाळीव जनावर, कुठे वाऱ्याने हललेलं दार, कुठे मालकानेच चुकीचा नंबर दाबलेला. याला कंटाळून सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली नियमच केला की कोणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत. आपल्याकडे तर कौलातून उंदीर, पाल, मांजर सगळे ये-जा करतात. वांगणीतला सायरन पहिल्या महिन्यात चार वेळा वाजला, तर त्यातले चारही उंदराचे निघण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेत खोट्या इशाऱ्याने पोलिसांचं पेट्रोल वाया जातं. आपल्या भागात काय होऊ शकतं, हे आपण पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, याच जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. ते मुंबईहून सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. त्या दिवसांत चोर फिरताहेत, मुलं पळवणारे फिरताहेत अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या आणि गावोगावी लोक रात्रीचा पहारा देत होते. पहारा देणारे लोक आपलं घर राखायलाच बाहेर पडले होते. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, साक्री तालुक्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं गेलं. ते भिक्षेकरी होते. दोन्ही ठिकाणी गजर झाला, माणसं जमली, आणि "नक्की काय झालंय?" असं विचारणारा कोणी तरी उरला नाही, किंवा त्याचा आवाज कोणी ऐकला नाही.

गडचिंचल्यानंतर दुसरी अफवा उठली, की मारणारे मुसलमान होते. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. एका अफवेने तीन माणसं मारली, दुसरीने एका अख्ख्या समाजाला आरोपी केलं. म्हणून हा विषय मला नुसत्या कुलूप-किल्लीचा वाटत नाही. भंगार गोळा करणारा, चादरी-सतरंज्या विकणारा, गाद्या पिंजणारा, दारोदार फिरणारा फकीर, यांत आपले किती लोक आहेत आठवून पाहा. अनोळखी गावात सायरन वाजला तर नजर आधी कोणावर जाईल? आपण बसवलेला सायरन उद्या दुसऱ्या कुणा फेरीवाल्याच्या जिवावर उठू शकतो, हे विसरून कसं चालेल?

आपल्या दीनमध्ये याबद्दल स्पष्ट शिकवण आहे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत, अविश्वासू माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, असा हुकूम आहे, आणि कारणही दिलं आहे: नकळत कुणावर अन्याय होऊन मागाहून पस्तावायची वेळ येऊ नये. उंदराने वाजवलेला सायरन आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मेसेज, दोन्ही अशाच बातम्या. उंटाला आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस आपण कुलूप लावताना सांगतो. तशीच हुजुरातची ही आयत सायरन लावताना आठवावी.

त्याच सूरहच्या बाराव्या आयतीत दुसऱ्याच्या गोष्टींत डोकावायला मनाई आहे. कॅमेरा बसवताना ती लक्षात ठेवायची. हजरत उमर रात्रीच्या गस्तीवर असताना भिंत ओलांडून एका घरात शिरले आणि त्या घरमालकाला गुन्हा करताना पकडलं, असा किस्सा सांगतात. तो माणूस म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या: पाळत ठेवली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही. खलीफांनी त्याला सोडून दिलं. मामूंचा कॅमेरा मामूंच्या ओट्यावर असू द्या. समोरच्या बाईचं अंगण आणि पाणवठ्याची वाट त्यात यायला नको.

आता नेमकं काय करायचं ते सांगतो. यंत्र बसवण्याच्या आधी शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन बसा, चहा प्या. पोलीस पाटलांना भेटा. सायरन वाजला तर सगळ्यांत आधी कोण जाईल, ते नावानिशी ठरवा, आणि तो एकटा जाणार नाही, हेही ठरवा. एक किल्ली त्यांच्याकडे अमानत म्हणून ठेवा. पेटीतला पहिला नंबर मामूंचा नको, त्या शेजाऱ्याचा हवा. त्याने लांबून टॉर्च मारून पाहावं, मामूंना फोन करावा, आणि खरंच कोणी असेल तर ११२ लावावा. महिन्यातून एकदा सगळ्यांना सांगून सायरन वाजवून पाहावा, म्हणजे त्याचा आवाज ओळखीचा होईल.

राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या मदतीने ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. १८०० २७० ३६०० या क्रमांकावर बोललेला संदेश नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर फोन म्हणून जातो, आणि संदेश देणाऱ्याला आधी स्वतःचं नाव आणि गाव सांगावं लागतं. ही नाव सांगायची अट मला फार मोलाची वाटते. निनावी ओरडण्याला तिथे जागा नाही. आपल्या पोलीस ठाण्यात तिची चौकशी जरूर करावी.

कोणी सापडलाच, तर कायदा काय म्हणतो तेही शेजाऱ्यांना सांगून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरण्याची मुभा आहे. मारण्याची नाही.

एक गोष्ट मामूंना तोंडावर सांगितली, तीच इथे लिहितो. दिवाळी झाली की याच भागातली कितीतरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर "जगायला" जातात. कारवीच्या कुडाची त्यांची घरं महिनोन्‌महिने बंद असतात, त्यांना ना सेन्सर ना सायरन. ती घरं कोण राखतं? मागे राहिलेली म्हातारी माणसं. उद्या मामूंच्या घरावर लक्ष ठेवणारेही तेच असतील. तेव्हा वर्षाला कंपनीला जे पैसे दिले असते, त्यातले थोडे त्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला द्या, आणि गावी असाल तेव्हा त्यांच्या बंद दारांवरही नजर ठेवा. मामूंनी विचारलं होतं, कंपनी की आपण. माझं उत्तर आहे: यंत्र आपलं, आणि खात्री करून घेणारा माणूस शेजारचा. असा शेजारी मिळेपर्यंत सायरन खोक्यातच राहू द्या.