गरिबाच्या ताटाचे शास्त्र

१९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून नाकारला गेलेला प्रवेश ज्यांनी आग्रहाने मिळविला, आणि केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केल्यावरही ज्या कुन्नूरला व पुढे मुंबईत स्वदेशीयांच्या नित्याच्या अन्नाचेच संशोधन करीत राहिल्या, त्या कमला सोहोनी यांची कारकीर्द सरकारी आहारधोरणाचा पाया व्हावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात आणि ती शिजविल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात. अशा द्रव्यांचा, तसेच गोरगरिबांना परवडणाऱ्या नीरेच्या पोषणमूल्याचा, त्यांनी चिकाटीने शोध घेतला. शाळेतील खिचडीची कंत्राटे मंजूर करणाऱ्या दप्तरांत दराइतकेच वजन आहारशास्त्रज्ञाच्या शिफारशीस मिळावे, अशी तजवीज शासनाने विनाविलंब करावी.