नातेवाईक बाहेर व्हा!

मी गोदीत माल उचलतो. तिथं खोक्यावर लिहिलेलं असतं. वजन किती, वरची बाजू कुठली, आत काच आहे की लोखंड. न वाचता हात घातला तर मुकादम आयमाय काढतो. मालाला एवढी इज्जत आहे. माझ्या आईला नव्हती.

आईची डावी बाजू गेली. लकवा. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात तिला घातली. सकाळी मोठे डॉक्टर आले की हाळी उठायची, "नातेवाईक बाहेर व्हा!" आम्ही जिन्यात. तिच्या उशाशी इंग्रजीत काय ठरलं ते ना तिला कळलं, ना आम्हाला. राऊंड संपला की दुसरी हाळी, "बावीस नंबरला कोण आहे? रक्त घेऊन खाली जा. ट्रॉली ढकला. भांडं द्या." म्हणजे हमालीला आम्ही घरचे आणि विचारायला गेलो की परके! केसपेपरवरचं आडनाव वाचून आवाज चढायचा तो निराळाच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला "आजी", माझ्या आईला "ए म्हातारे".

नवव्या दिवशी चादर बदलताना दिसलं, माकडहाडावर कातडी फाटून जखम झालेली. दिवसपाळीची सिस्टर माझ्या बहिणीवर कडाडली, "इतके दिवस काय झोपा काढल्या? कूस बदलायची कळत नाही?" नाही कळत, सिस्टर! कुणी सांगितलं होतं?

त्याच रात्री एक शिकाऊ सिस्टर पाळीवर आली. पोरसवदा. खाटेवरचे आणि खाटेखाली फरशीवर झोपवलेले मिळून चव्वेचाळीस पेशंट तिच्या एकटीच्या गळ्यात. मी मोजले. तरी तिनं दहा मिनिटं काढली. आधी आईलाच विचारलं, "आजी, कुठं दुखतंय?" मग बहिणीचा हात धरून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदला. ओढू नका, उचला. पाठीमागं उशी लावा. नीट बसती केल्याशिवाय घोट पाजू नका, नाहीतर तो फुप्फुसात उतरतो. एका कागदावर घड्याळाचे आकडे लिहून दिले. बहीण चौथी शिकलेली. एक वेळ तिनं चुकवली नाही. आई घरी आली. जखम भरायला तीन महिने लागले. ती दहा मिनिटं पहिल्या दिवशी मिळाली असती तर?

पुस्तकात याला रुग्ण आणि कुटुंब केंद्रस्थानी ठेवणारी शुश्रूषा म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००१ सालच्या अहवालात चांगल्या उपचाराची सहा उद्दिष्टं सांगितली, त्यात रुग्णकेंद्रित असणं हे एक. आपल्याकडं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये आली. तिच्यातला पहिलाच हक्क माहितीचा. हक्क कागदावर, आम्ही जिन्यात.

आणि हे काही परदेशातून शिकायला नको. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. गोरे सोल्जर घरात घुसून माणसं छावणीत नेत होते, घरच्यांपासून तोडत होते. त्याच साली सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्याच प्लेगनं त्या १० मार्चला गेल्या. त्यांनी पोराचं आडनाव पाहिलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सगळा दोष सिस्टरचा. साफ खोटं! आडनावावरून बदलणारा आवाज तिचा, त्याचा जाब तिला द्यावाच लागेल. पण भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण आहे, शिकवणीच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागं एक नर्स, इतर रुग्णालयात पाचांमागं एक. आणि तिथं चव्वेचाळीसांमागं एक! गँगमधली माणसं कमी करून तेवढाच माल उतरवायला सांगितला की काय होतं, हे गोदीवाल्याला शिकवू नका. माल आपटतो. सरकार जागा भरत नाही आणि आमच्या बायाबापड्यांच्या फुकट हातांवर वॉर्ड चालवतं. खाटेशी एक माणूस बसला की घरातला एक रोज बुडतो. त्याला कुटुंबाचा सहभाग म्हणायचं? ही वेठबिगार आहे.

म्हणून सरळ मागा. राऊंडच्या वेळी घरचं एक माणूस खाटेजवळ राहील. पेशंटला काय झालंय ते त्याच्या बोलीत त्यालाच सांगा. आम्हाला ज्या कामाला लावता ते आधी शिकवा. रिकाम्या जागा भरा.

पुढच्या वेळी हाळी आली, "नातेवाईक बाहेर व्हा", तर जिन्यात जाऊ नका. हात न उगारता उभे राहा आणि विचारा. आणि भरतीसाठी सिस्टर गेटवर बसल्या, तर पाळी संपवून त्यांच्या शेजारी जाऊन बसा.