मांजराला उपाशी ठेवणाऱ्यांनो, जरा थांबा

"मांजराला खायला घालू नका, आळशी होतंय, उंदीर धरत नाही." गावोगाव हेच ऐकतो. साफ चूक आहे. शिकार भुकेतनं येत नाही, रक्तातनं येते. भाकरी खाऊन पडलेलं मांजरसुद्धा पाचोळा सळसळला की कान टवकारतंय. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात भरपूर मांस असलेला आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटली. घटली, बंद नाही झाली!

उपाशी मांजर लांब भटकतं आणि सोपं सापडेल ते धरतं. मोठी घूस त्याला झेपत नाही (आमच्याकडं घूस दिसली की मांजरच माळ्यावर), मग सरडा, साळुंकीचं पिल्लू. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे रोवायचे आणि त्याच रानात उपाशी मांजर सोडायचं, हे कुठलं शहाणपण?

त्यात ब्रोमॅडिओलोन टाकायचं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, पण उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो विषाची पुडी होऊन सुस्त फिरतो. भुकेलं मांजर आधी त्यालाच धरणार. गव्हाणी घुबडही त्यातच जातं, आणि ते तर फुकटात उंदीर खाणारं पाखरू.

आमिष टाकलंय तोवर मांजर घरात कोंडा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा, हात लावू नका. एरवी मांजराला दोन वेळ पोटभर घाला, पाखरांची पिल्लं घरट्याबाहेर पडायच्या दिवसांत पहाटे नि तिन्हीसांजेला आत ठेवा. घुशीची बिळं मात्र आपणच खणायची.