मोटारीचा पट्टा

पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो सैल पडला की जाते मंदावते. तुटला की गिरणी बंद. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. इंजिनाच्या पुलीवरून गेलेला रबरी पट्टा वीज निर्माण करणारा अल्टरनेटर फिरवितो. पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच्याच जोरावर चालतो. आता बहुतेक गाड्यांचा पंखा विजेवर फिरत असला, तरी लोक या पट्ट्यास अद्याप फॅनबेल्टच म्हणतात.

पट्टा बहुधा आधी सूचना देतो. पावसाळ्यातील दमट सकाळी गाडी सुरू करताच चिरका आवाज आला, तर तो घसरत आहे असे समजावे. चालत्या गाडीत बॅटरीचा तांबडा दिवा लागला व उष्णतेचा काटा चढू लागला, तर मुलेबाळे घेऊन चोर्ला घाट चढत असलात तरी गाडी सुरक्षित जागी ताबडतोब थांबवावी. तशीच हाकल्यास पाणी उकळून इंजिनाचे हेड वाकते, आणि स्वस्त पट्ट्यापायी मोठा खर्च पदरी येतो. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

तपासणी थंड इंजिनावर, किल्ली काढूनच करावी. विजेचा पंखा अवचित फिरू शकतो. पट्टा किंचित पिळून आतील बाजू पाहावी. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसल्यास तो बदलावा. तेल गळत असेल, तर आधी ती गळती बंद करावी. एरवी नवा पट्टाही लवकरच खराब होईल. अलीकडील बारीक खाचांच्या पट्ट्यांना झिजूनही भेगा पडत नाहीत. म्हणून त्यांच्या खाचा किती खोल झाल्या आहेत हे पाहावे.

जुन्या धाटणीच्या पाचरी पट्ट्याचा ताण पाहण्यासाठी दोन पुलींमधील सर्वांत लांब भाग अंगठ्याने दाबावा. तो साधारणतः अर्धा इंच दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. सैल असल्यास अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो बाहेर सरकवावा व बोल्ट पुन्हा घट्ट आवळावेत. फार ताणल्यास बेअरिंग झिजते. ताण आपोआप राखणारी कळ असलेल्या गाडीत असे ताणणे लागत नाही.

नवा पट्टा घालण्यापूर्वी जुन्याचा मार्ग कागदावर रेखाटून ठेवावा. स्क्रूड्रायव्हरने जोर करून तो पुलीवर चढवू नये. आतील धागे तुटतात. जोडीचे पट्टे एकदमच बदलावेत, आणि पाचरी पट्ट्याचा ताण थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा तपासावा.

काही इंजिनांत झाकणाआड टायमिंगचा निराळा पट्टा असतो. तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. तो पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत जाणत्या कारागिराकडूनच बदलून घ्यावा. बाहेरचा पट्टा मात्र दर पावसाळ्यापूर्वी व दूरच्या प्रवासापूर्वी घरधन्याने स्वतः पाहावा. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.