म्हणे रॅम वाढवा!

या आठवड्यात पुन्हा तेच. माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या आठ पोरांनी वर्गणी काढून ८ जीबीचा प्लॅन १६ चा करून घेतला. होस्टिंगवाल्याचाच सल्ला. लॅग होता तिथेच आहे, प्लॅनचं बिल तेवढं वाढलं.

टिकचं गणित सोपं आहे. टिक म्हणजे सर्व्हरने खेळ एक पाऊल पुढे नेणं. सेकंदाला २० टिक, एकेकीला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की फोडलेला ब्लॉक परत उगवतो आणि कन्सोलवर ‘कान्ट कीप अप’ झळकतं. हे काम बहुतांशी एकाच थ्रेडवर चालतं. पंगतीला आचारी एकच असेल, तर कोठीघर दुप्पट करून पानं लवकर वाढली जात नाहीत. रॅम खरोखरच अपुरी पडत असेल तर गोष्ट वेगळी; इथे ती निम्मी रिकामी होती.

आता दुसरा उपाय बघा. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये व्ह्यू-डिस्टन्स मुळात १० असतो. म्हणजे खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक, म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे. तोच ६ केला की १३ गुणिले १३, फक्त १६९. आठही पोरं आठ दिशांना पांगली, की हिशेब ३५२८ विरुद्ध १३५२. खर्च शून्य. लांबचे डोंगर दिसायलाच हवेत असा हट्ट असेल, तर १.१८ पासून सिम्युलेशन-डिस्टन्स वेगळा आहे, तो उतरवा. डोंगर दिसतील, पण त्यांच्यावरच्या मेंढ्या हलवत बसावं लागणार नाही.

एवढ्यानेही भागलं नाही, तर स्पार्क हा टिक तपासणारा प्रोफायलर लावा. टिक कोण खातंय ते तो दाखवतो. बहुधा कुणाच्या तरी लोखंडाच्या फार्ममध्ये कोंडलेले गावकरी निघतात, नाहीतर हॉपरची लांबलचक रांग. मग तो सर्व्हर पेपर या वेगवान सर्व्हर-सॉफ्टवेअरवर न्या आणि नवा मुलूख चंकी या प्लगइनने आधीच तयार करून ठेवा.

पण फाइल उघडायची कोणी? माझा जुना संशय आहे की आपल्याकडे मोबाइलपासून जावयापर्यंत सगळं आकडा बघून निवडतात, सेटिंग कुणी बघत नाही. पुरावा मागू नका. कुठल्याही लग्नात दोन इंजिनिअर गाठा, खात्री पटेल.

पोरांनो, पुढच्या महिन्यात प्लॅन उतरवा. होस्टिंगवाला ‘परफॉर्मन्स पडेल’ म्हणून घाबरवेल. त्याला फक्त टिकला किती मिलिसेकंद लागतात ते विचारा.