सौर प्रकल्प 25 वर्षांचा, गावाचा वाटा मात्र 3 वर्षांचाच

लोहारा : सबस्टेशनजवळ सलग जमीन आहे का, अशी विचारणा सुरू झाली की गावात एकाच आकड्याची चर्चा होते. एकरी 50 हजार रुपये भाडं. सोयाबीनचा भाव आणि पावसाचा भरवसा नसलेल्या कोरडवाहू तालुक्यात हा आकडा मोठाच आहे. पण ज्यांची जमीन जात नाही, त्यांना काय मिळणार? आणि गावाला मिळणारं किती वर्षं मिळणार? याची चर्चा सहसा करार झाल्यावर सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो.

योजनेत काय आहे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 राज्यात 2023 पासून राबवली जाते. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचे आणि त्या विजेवर शेतीचे फिडर दिवसा चालवायचे, असा तिचा साधा अर्थ. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी 50 हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल, तिला सार्वजनिक सुविधांसाठी वर्षाला 5 लाख याप्रमाणे 3 वर्षांत 15 लाख रुपये.

वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प या टप्प्यातील सुरुवातीचा. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवी येथून अशा 5 प्रकल्पांचं लोकार्पण झालं. दिवसा वीज मिळणं हा फायदा खराच आहे. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला रानात जाणं, साप-विंचवाची भीती, हे ज्यानं भोगलं त्याला वेगळं सांगायला नको. पण हा फायदा ज्याच्याकडे विहीर, बोअर आणि कनेक्शन आहे त्यालाच. भूमिहीन मजुराच्या घरात त्यातून थेट काही येत नाही.

जरा हिशेब मांडू

5 मेगावॅटचा एक प्रकल्प धरू. मेगावॅटला 4 ते 5 एकर लागतात, म्हणजे 25 एकर जमीन. एक मेगावॅटमधून वर्षाला साधारण 16 लाख युनिट वीज तयार होते. पाच मेगावॅटचे झाले 80 लाख युनिट. युनिटला 3 रुपये दर धरला तर वर्षाला 2 कोटी 40 लाखांची वीज. 25 वर्षांत, जुन्या होत जाणाऱ्या पॅनलची घट सोडून, 60 कोटींची.

आता वाटा बघा. जमीनमालकांना मिळून पहिल्या वर्षी साडेबारा लाख. दरवर्षी 3 टक्के वाढ धरली तर 25 वर्षांत साधारण साडेचार कोटी. ग्रामपंचायतीला एकूण 15 लाख. म्हणजे 100 रुपयांच्या विजेमागे गावाच्या तिजोरीत 25 पैसे.

हे 60 कोटी म्हणजे कंपनीचा नफा नाही, हेही लक्षात घ्यावं. त्यातून यंत्रसामग्रीचा खर्च, बँकेचं कर्ज, व्याज आणि देखभाल जाते. तरीही मुद्दा राहतोच. प्रकल्प 25 वर्षं चालणार, कुंपण 25 वर्षं राहणार, गावाचा पैसा मात्र चौथ्या वर्षी बंद.

जमीनमालकानेही 3 टक्के वाढीचा अर्थ समजून घ्यावा. आजचे 50 हजार दुप्पट व्हायला जवळपास 24 वर्षं लागतात. खत, मजुरी, दवाखाना आणि शाळेचा खर्च तेवढा थांबत नाही.

गायरान गेलं तर?

खासगी जमिनीवर प्रकल्प आला तर निदान मालकाला भाडं मिळतं. बटईने कसणाऱ्याचं काम जातं, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं आणि करारातही नसतं. गायरानावर आला तर भाडं नाममात्र. गावाच्या हातात ते 15 लाखच. आणि गायरानावर अवलंबून असतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि वर्षानुवर्षं तिथं कसून खाणारे भूमिहीन. मराठवाड्यात गायरानाचा लढा जुना आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित, आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला, तरी अनेकांच्या नावावर जमीन झालेली नाही. अशा जमिनीवर आधी कुंपण पडलं, तर त्यांचा दावा कागदातच राहतो.

पैसा उघड नसला की दलाल येतो

आपल्याच जिल्ह्यात वाशी, भूम भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मावेजा ठरल्यापेक्षा कमी मिळाला, शेजाऱ्याला वेगळा दर दिला, न विचारता रानातून रस्ता काढला, अशा तक्रारी तिथून येत राहिल्या. शेजारच्या बीडमध्ये तर गोष्ट फार पुढे गेली. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या 2 कोटींच्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेलं असल्याचं तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटलं आहे.

यातून गावांनी घ्यायचा बोध सरळ आहे. गावाचा हक्काचा वाटा नियमात ठरलेला आणि बोर्डावर लिहिलेला नसला, की त्या पैशाचा व्यवहार बंद खोलीत होतो. मग गुत्तेदारी कुणाची, गाड्या कुणाच्या, 'मिटवून' कोण देणार, यावर भांडणं सुरू होतात.

दुसरीकडे काय केलं?

डेन्मार्कमध्ये 2009 पासून काही वर्षं असा कायदा होता, की नव्या पवनचक्की प्रकल्पातील किमान 20 टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना आधी विकायला काढायचा. जर्मनीत 2021 पासून कंपनी जवळच्या गावांना युनिटमागे 0.2 सेंटपर्यंत, म्हणजे आपले साधारण 18 ते 20 पैसे देऊ शकते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावात 2016 साली 6 शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी केली. सौर पंप चालवून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले.

आपल्याकडेही वाट आहे. केंद्राच्या कुसुम योजनेच्या 'अ' घटकात शेतकरी, त्यांच्या संस्था आणि ग्रामपंचायतीसुद्धा 2 मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प उभारू शकतात. अडचण भांडवलाची आहे, नियमाची नाही.

आणि फार मोठी मागणीही लागत नाही. 15 लाखांऐवजी युनिटमागे फक्त 5 पैसे ठरले, तर वरच्या हिशेबात गावाला वर्षाला 4 लाख मिळतात, तेही 25 वर्षं. एकूण एक कोटी. मात्र विजेचा दर निविदेत ठरतो आणि पुढे वाढत नाही. त्यामुळे ही अट निविदेतच यावी लागेल. ती कंपनीच्या गेटवर आंदोलन करून येणार नाही. आमदार, खासदार आणि सरकार यांच्याकडेच मागावी लागेल.

तोवर गावाने काय करावं?

1. कंपनीचं नाव, मेगावॅट, गट नंबर आणि मुदत ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात लिहून घ्यावी. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरची वाट न पाहता विशेष ग्रामसभाही घेता येते.

2. भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला असावा. भाडं थकलं तर काय, जमीन दुसऱ्याला पोटभाड्याने देता येते का, मुदत संपल्यावर पॅनल आणि काँक्रीट कोण काढणार, हे त्यात असावं. पैसे फक्त बँक खात्यात.

3. पाणंद, ओढा आणि नाला कुंपणात जाणार नाही, हे नकाशावर दाखवून घ्यावं.

4. 66 केव्ही आणि त्यावरच्या लाईनसाठी केंद्राच्या जून 2024 च्या सूचना आहेत. टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मावेजा. त्याखालच्या लाईनचा दर आधीच लेखी ठरवावा.

5. गवत काढणं, पॅनल धुणं, राखण ही कामं गावातील बचत गट आणि भूमिहीनांना आधी देण्याचं लेखी घ्यावं.

6. दरवर्षीचे 5 लाख कुठे खर्च झाले, हे ग्रामपंचायतीसमोर फलकावर लावावं.

माकणीच्या निम्न तेरणा धरणासाठी याच तालुक्याने जमिनी दिल्या आहेत. जमीन एकदा गेली की तोंडी आश्वासनाला किंमत उरत नाही, हे इथल्या माणसाला नवं नाही. सौर प्रकल्प यावेत, दिवसा वीज मिळावी, भाडंही मिळावं. पण सही करण्याआधी गावाने एक प्रश्न नक्की विचारावा : चौथ्या वर्षापासून गावाला काय?